दर ओळीला एंटर

दर ओळीला एंटर मारणाऱ्या माणसांची मला किळस येते. उष्ट्या हाताने वाढणाऱ्यांची येते तशी. वर्तकनगरात माझं डीटीपीचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर ओळ भरली की शब्द आपोआप खाली उतरतात, एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर मारायचं असतं. पण टाइपरायटरवर शिकलेल्यांचा हात ऐकेल तर शपथ. मग पानाची रुंदी बदलली की एक ओळ पूर्ण, खाली दोनच शब्द, पुन्हा एक ओळ पूर्ण. 

आंबिवलीजवळच्या गावातले एक निवृत्त मास्तर असंच आत्मचरित्र घेऊन आले. शेवटी त्यांच्या थोरल्या बहिणीचे धवले होते. ती धवलारीण, उभा जन्म आगरी लग्नांत ही गाणी गायलेली. आता तिचा आवाज गेला होता आणि वाचता येत नव्हतं. तिच्या नातीच्या हळदीला पोरींनी पुस्तकात बघून गावं आणि तिने समोर बसून ऐकावं, एवढ्यासाठी मास्तरांचा सगळा खटाटोप.

मी त्यांना एंटरवरून चांगलं पाव तास सुनावलं. वडिलांच्या वयाचा माणूस, मान खाली घालून "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला. मग मी एका फटक्यात फाइलमधले सगळे एंटर उडवले आणि परिच्छेद हाताने पाडले. धवल्यांची पानं पुन्हा उघडायचा कंटाळा केला. "गाणी तुम्ही तपासलीच आहेत, प्रूफात आता फक्त गाण्यांच्या आधीचं बघा," हेही मीच त्यांना सांगितलं.

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवात पोरींनी पुस्तक उघडलं. धवले पानभर गच्च, ओळीला ओळ चिकटलेली. एक पोरगी मध्येच थांबली, दुसरी पुढे गेली, तिसरीला हसू आलं. म्हातारीने हात वर करून त्यांना थांबवलं आणि घोगऱ्या आवाजात भावाला विचारलं, "दम कवा घ्येवाचा, ता नाय लिवला काय रं?"

लिहिलं होतं. तिच्या प्रत्येक दमाला मास्तरांनी एंटर मारलं होतं.

मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, पान पाहिलं. मी समोरच होते. "माझीच चूक गो बाय," ते म्हणाले, "मना एंटरचा काय कलत नाय."

मग मी पंगतीत जेवलेसुद्धा.