उलट्या खांद्यावरची पिशवी

छप्पन साली आमच्या पार्ल्यात एक बातमी दूधवाल्याच्याही आधी घरोघर पोचली. अण्णा टेंब्यांनी म्हणे संन्यास घेतला! भल्या सकाळी झोळी अडकवून, काठी टेकून दाराबाहेर उभे होते. समोरच्या पद्मजाबाईंनी तर भिक्षेला मूठभर तांदूळही काढून ठेवले. बातमी कोणी पसरवली ते मात्र विचारू नका.

संन्यास कसला आलाय! ती झोळी नव्हती, सुनेनं गादीच्या उरल्या कापडातून शिवलेली पिशवी होती. आणि अण्णा दाराबाहेर नुसतेच उभे होते, कारण तिथून पुढे जायची परवानगीच नव्हती.

हा माणूस जन्मभर जकातीच्या हपिसात दुसऱ्यांना ट्रंका उघडायला लावत आला. रिटायर झाल्यावर काम एकच, संध्याकाळी स्टेशनाजवळच्या कट्ट्यावर बसून जगाला शहाणपण शिकवायचं. आदल्या दिवाळीनंतर उजव्या हातावरून वारं गेलं. पाय सावरले, हात नाही. आता डाव्या हातात काठी, उजवा पोटाशी. कोट चढवायचा तर दोन माणसं हवीत. सदऱ्याच्या खिशात चष्मा ठेवला, तो वाकताना पडून फुटला. मग मुलानं, विद्याधरानं, फर्मान काढलं: चष्मा, चक्कर आली तर औषधाची बाटली, घराची किल्ली, हे सगळं अंगावर नीट राहील तेव्हाच एकटं जायचं. नाहीतर मृणालिनी सोबत.

सून सोबत म्हणजे कट्ट्याची वाटच लागली की. ती येऊन उभी राहिली की म्हातारे एकदम भाजीचे भाव बोलू लागत. अण्णा दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पार्सल पोचवतात तसं मला पोचवू नका. त्यापेक्षा घरीच बसतो."

आणि खरंच बसले. खिडकीशी. मी शेजारचा, येताजाता चेष्टा करायचो, पण त्यांच्याकडून उलट टोला येईना. तेव्हा मात्र मला जरा कसंसंच झालं.

तर पिशवी. सुनेची पहिली एवढी ऐसपैस झाली की अण्णांच्या बायकोनं, मालनकाकूंनी, तीत शाल कोंबली, कानटोपी कोंबली, वर लिंबू. "येताना कोथिंबीर आणा," असंही सांगितलं. अण्णा एका बाजूला कलले.

दुसरी विद्याधरानं सांताक्रूझहून आणली. चामड्याची, रुंद पट्टा, पितळी बक्कल. अण्णांनी ती घातली आणि मी पायरीवरूनच ओरडलो, "कंडक्टर, दोन अंधेरी द्या!"

"अरे गाढवा, आधी ही उघडून तर दाखव," अण्णा म्हणाले. एका हातानं ते बक्कल कुणाच्या बापाच्यानं उघडलं नसतं.

तिसरी सुनेनं पुन्हा शिवली, या खेपेला मापं घेऊन. चष्म्याचं घर, बाटली, किल्ली, रुमाल आणि तपकिरीची डबी. एवढंच मावेल, लिंबाला जागा नाही. वर झाप, झापेला एकच टिचबटण. अण्णांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं ते टच्‌कन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. झकास! काठी घेऊन निघालेसुद्धा.

"थांबा!" मालनकाकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हे काय उलटं घातलंत?"

चालणारा हात डावा, म्हणून पिशवी डाव्या कुशीला. म्हणजे पट्टा उजव्या खांद्यावरून. आता जानवं असतं डाव्या खांद्यावरून, उजव्या कुशीखाली. ते उलटं करतात फक्त पितरांसाठी, श्राद्धाला. अपसव्य. काकूंनी तो पट्टा बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तिन्हीसांजेला अपसव्य करून माझा उंबरा ओलांडायचा नाही."

"अगं, ही पिशवी आहे, जानवं नव्हे."

"मला नका शिकवू. सरळ घाला."

सरळ घातली. पिशवी गेली उजव्या कुशीला. डावा हात अंगावरून पलीकडे न्यायचा तर काठी सोडायला हवी. काठी सोडली, ती पडली. ती उचलायला वाकले, तर तपकीर सांडली. नुसती डाव्या खांद्याला अडकवली, तर काठीच्या हिसक्यानं घसरे. गळ्यात घातली, तर बालवाडीला निघालेलं पोर. सून पट्टा इकडून तिकडे फिरवत होती, आणि अण्णा खांदे पाडून मुकाट्यानं फिरवून घेत होते. मी म्हटलं, "काकू, पिशवीचीच मुंज करून टाका ना." कुणी हसलं नाही. अण्णा तर नाहीच.

शेवटी त्यांनी मान डोलावली. "बरं. सरळच राहू दे."

उंबरा ओलांडून आले ते थेट माझ्या फाटकाशी थांबले, काकूंना खिडकीतून दिसणार नाही अशा बेतानं. काठी फाटकाला टेकवली आणि हळूच म्हणाले, "भाऊ, जरा फिरव रे. मला एकट्याला जमत नाही."

मी पट्टा डोक्यावरून काढून उजव्या खांद्यावर घातला. ते गेले. परतताना पुन्हा थांबले, पुन्हा मी फिरवली, आणि सरळ पिशवीनं घरात शिरले. तेव्हापासून रोज हेच. मी घरी नसलो तर त्या दिवशी कट्टा नाही.

एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, साहेबांच्या ट्रंका उपसल्यात तुम्ही, आणि बायकोला भिता? एकदा खडसावून सांगा की!"

अण्णांनी मान खाली घालून पट्ट्यासाठी वाट करून दिली.

"खडसावू काय, कपाळ? पट्टा उलटा दिसला की तिला मी गेलेलाच दिसतो रे. तू गप पिशवी फिरव."