मेणबत्त्या लावणारी मावशी

कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. आतले कामगार जळून गेले. हा अपघात नव्हे, असं छापलेली पत्रकं मी छावणीतल्या चर्चबाहेर वाटत होतो. पायरीवर एक बाई प्रत्येक मृतासाठी मेणबत्ती लावत होती. वितळलेलं मेण अंगठ्यानं दाबून एकेक घट्ट बसवत होती.

मी चिडून म्हणालो, "मावशी, मेणबत्त्यांनी मेलेले परत येतात काय?"

"येतील की! माझा लेकबी त्यातच हाय. प्रभू उठवील त्या दिवशी तो पुसंल, 'माय, माझ्यामागं तू काय केलंस?' तवा काय सांगू?"

मी हादरलो. मेल्यावर उठण्याच्या आशेनं माणूस लढायला थंड पडतो, असं मीच सगळ्यांना सांगत आलो होतो. तिनं माझ्या हातातली अर्धी पत्रकं ओढून घेतली आणि प्रार्थना आटोपून निघालेल्यांना वाटायला लागली.