देवीची लस

ऐंशीच्या दशकात आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे यजमान वीज केंद्रात नोकरीला. एका हिवाळ्यात माझी आत्या चामोर्शीजवळच्या खेड्यातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिची दोन्ही मुलं देवीनंच गेली होती, माझ्या जन्माच्याही आधी.

एका रविवारी ह्यांचे सोबती चहाला आले. बोलण्याच्या ओघात ह्यांनी आत्याकडे हात करून सांगितलं, की धम्म घेण्याआधी आपली माणसं अशी अडाणी होती. रोगाला देवीचा कोप समजायची, दाराला निंबाचा पाला बांधायची, पण लस घ्यायची नाहीत, म्हणून लेकरं दगावली. माझे वडीलही ही गोष्ट अशीच सांगत. आत्या भिंतीला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या डोळ्यांत औषध घालत होते, तेव्हा ती आपणहून बोलू लागली. शेजारच्या गावात लस टोचणारा आल्याचं कळलं, तशी ती आणि तिचा नवरा लेकरांना कडेवर घेऊन धानाच्या बांध्यांतून तिथं गेले होते. टोचणारा पाटलाच्या ओसरीवर बसला होता. या दोघांना दूर चिंचेखाली थांबवलं. गावातल्या लेकरांना टोचून झाल्यावर त्यानं पेटी मिटली आणि औषध संपलं म्हणाला. यांच्या अंगाला लागलेली सुई पुढच्या गावी कोण टोचून घेईल, असं कुणीतरी बोललेलं तिच्या कानावर आलं.

"मंग निंब काऊन बांधला?" मी विचारलं.

"ताप आल्यावर घरात दुसरं काय होतं? देवीले हात जोडले, ते बी खरं हाय. पन टीका टोचून मागाले आमी पह्यले गेलो होतो, बाई."

धाकट्याचं अजून नाव ठेवलं नव्हतं, एवढंच ती पुढे बोलली.

संध्याकाळी मी ह्यांना सारं सांगितलं. ते खाली मान घालून जेवत राहिले. आत्याला त्यांनी काही विचारलं नाही.

ऑपरेशननंतरही तिला धड दिसेना. यायला फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी तिला एसटीनं गावी पोचवायला गेले. रस्ताभर ती खिडकीशी बसून होती. कुठवर आलो, म्हणून अधूनमधून विचारायची आणि मी तिला गावांची नावं सांगायची.