वादळातले सात मासे

अक्षर माझं वाकडंतिकडं आहे, माफ असावं. ऱ्हस्वदीर्घ तर कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि सही करण्यापलीकडं पेन हातात आलं नाही. ही वही वहिनींच्या रद्दीत निघाली, मागची पानं कोरी होती. माझ्याशिवाय कुणी ती उघडायचं नाही, तरी उघडलीच तर सांभाळून घ्या. ते मासे वादळाआधी काय करत होते, एवढं मला विसरायच्या आत लिहून ठेवायचं आहे.

वहिनी म्हणजे रोह्याजवळ वरसेला ज्या घरी मी धुणीभांडी करते तिथल्या बाई. त्यांची मुलगी सासरी गेली तेव्हा घर फार गप्प झालं, म्हणून त्यांनी काचेची पेटी आणली आणि पेणच्या एका दुकानातून सात मासे. सहा सोनेरी आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला. पिशवी धरायला मला बरोबर नेलं होतं. दुकानदारानं प्लास्टिकच्या पिशवीत पाणी थोडंसं घातलं आणि वर नळीनं हवाच जास्त भरली. मी परक्या माणसाशी बोलत नाही, पण तेव्हा राहवलं नाही.

"पाणी एवढंच?"

"मावशी, श्वास माशालाही लागतो," तो म्हणाला. "रोह्यापर्यंत जायचंय ना, मग पाण्यापेक्षा हवा जास्त पाहिजे."

ऐकलं आणि सोडून दिलं. आम्ही नदीकाठची माणसं. मासा टोपलीत आला की त्याच्या श्वासाचा विचार कोण करतो?

वादळाच्या चार दिवस आधी वहिनी आणि त्यांचे मिस्टर मुलीच्या बाळंतपणासाठी ठाण्याला गेले. चावी माझ्याकडं दिली. माशांना रोज चिमूटभर दाणे घालायचे, बुडबुड्यांचं मशीन बंद करायचं नाही, एवढंच काम. पण मला त्याची धास्ती होती. घराच्या पत्र्यांसाठी मी वहिनींकडून सात हजारांची उचल घेतली होती. दर महिन्याला पगारातून हजार कापून जायचे, आणि अजून चार हजार राहिले होते. माशांचे भाव मी पेणला कानांनी ऐकले होते. ते मेले तर वहिनी मला काही बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण पुन्हा चावी देतील का, हे ठाऊक नव्हतं.

मग आमच्या वाडीत पंचायतीची रिक्षा फिरली. उद्या दुपारपर्यंत वादळ येईल, पत्र्याच्या आणि कुडाच्या घरातल्यांनी शाळेत जावं, असं भोंग्यावर सांगत होते. जनावरांचं काही बोलले नाहीत. माझ्याकडं एक मांजर आणि दोन कोंबड्या.

"आये, शाळेत मांजरीला घेतील का?" मी विचारलं.

माझी आई सुपात तांदूळ निवडत होती. "तुला चार वर्षं घेतली, तिला एक दिवस नाय घेणार?"

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "मावशी, आईंना घेऊन आमच्याकडे जा. आपलं स्लॅबचं घर आहे. आणि माशांकडे बघा." मी हो म्हटलं. मांजर आणि कोंबड्यांचं सांगायला जीभ वळली नाही. एकदा हो म्हटल्यावर पुढं बोलायचं कसं, हे मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. कोंबड्या टोपलीत, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. मांजर तांदळाच्या गोणीत. अर्ध्या वाटेत तिनं गोणीतून एक पंजा बाहेर काढला आणि तसाच बाहेर ठेवला, वरसे येईपर्यंत. आये म्हणाली, "बघ, वाट मोजते ती."

कोंबड्यांना वहिनींच्या मोरीत पेपर टाकून ठेवलं. मांजर सुटल्याबरोबर काचेच्या पेटीसमोर जाऊन बसली. मी गॅलरीतल्या कुंड्या आत आणल्या, बादल्या आणि टप भरून ठेवले, खिडक्यांना कड्या घातल्या. पेटी भरलेली असताना हलवायची नाही असं वहिनींनी बजावलं होतं, म्हणून खिडकीच्या बाजूनं तिला गादी उभी करून लावली. खिडकीची काच फुटलीच तर गादीवर पडेल.

आणि माशांना दुप्पट दाणे घातले. आमच्यात पुढं उपास दिसत असला की जनावराला आधी पोटभर घालतात. वादळात मला वेळ मिळेल न मिळेल, असं वाटलं.

पण मासे वर आलेच नाहीत. एरवी माझी सावली पडली तरी सातही जण तोंड उघडून वर यायचे. त्या दिवशी सगळे तळाला, खड्यांना पोट टेकून, एकाच कोपऱ्याकडं तोंड करून बसलेले. दाणे त्यांच्या पाठीवरून खाली गेले. मोरीत डोकावले तर सकाळी नऊ वाजता कोंबड्या एका पायावर उभ्या, मान आत घेतलेली, तिन्हीसांज झाल्यासारख्या. परत आले तर मांजर पेटीपुढून उठून पलंगाखाली गेली होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण झाडाचं पान हलत नव्हतं. मी तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. हातातलं काम विसरले.

"यांना कोण सांगतं गो आये?"

"आपल्याला मोबाइल सांगतो, त्यांना कोन सांगतो काय म्हाईत. पण नदीत मासा असा बसला की आम्ही जाळं घेऊन परत यायचो."

"कशामुळं बसतो?"

"मी कधी इचारलं नाय त्याला."

दुपारी वारा आला. त्याचा आवाज काय होता ते लिहिता येणार नाही. समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी कडेला जाताना बघितली, मग बघायचं सोडलं. दारं-खिडक्या बंद होत्या, तरी पेटीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. आये पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि मांजर तिच्या खाली. मी गादीला पाठ लावून पेटीशेजारी बसले.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा कळलं की घरात काहीतरी कमी आहे. बुडबुड्यांचा आवाज येत नव्हता. लाईट केव्हा गेली ते वाऱ्यात समजलंच नव्हतं. फोन लावला, रेंज नव्हती.

सकाळी सातही मासे वर आलेले. तोंडं उघडत होते, मिटत होते. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, वादळ गेलं, भूक लागली. दाणे घातले. खाल्ले नाहीत, तरी तोंडं उघडीच. थोड्या वेळानं पुन्हा घातले. पाणी ताकासारखं गढूळ दिसू लागलं आणि काळा मासा एका अंगावर कलला.

आये चहाचा कप घेऊन आली. तिनं काचेला नाक लावलं.

"काय घातलंस?"

"खायला. भुकेले आहेत ना."

"भुकेले नाय गो. पाणी मेलंय. घुसमटलेत ते." तिनं कप ठेवला. "तांब्या आण. आधी ते घाण पाणी काढ."

मग मला तो पेणचा दुकानदार आठवला, श्वास माशालाही लागतो म्हणणारा. आणि आणखी एक गोष्ट आठवली. लहानपणी आये नदीचे जिवंत मासे हंड्यात घालून रोह्याच्या बाजाराला न्यायची. जिवंत माशाला चार पैसे जास्त. मी मागून चालायचे. पाय दुखायचे, झाडाखाली बसू म्हणायचे, पण ती हंडा कधी खाली ठेवायची नाही. उलट मुद्दाम लचकत चालायची. बायका तिला त्यावरून चिडवायच्या. ती अशी का चालते, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता तांब्या हातात घेऊन विचारलं.

"पाणी हिंदळलं तर त्यात वारं शिरतं," ती म्हणाली. "बसले असते तर बाजारात मेलेले इकावे लागले असते. मला काय लचकायची हौस होती?"

अर्धं पाणी काढलं. तळाचे कुजलेले दाणे वहिनींच्या चहाच्या गाळणीनं उपसले. ती गाळणी मी नंतर उकळून ठेवली. टपातलं पाणी घातलं, थोडं थोडं, तांब्या हातभर वर धरून, धार पडेल असं. मग पेटीतलंच पाणी घ्यायचं आणि पुन्हा वरून सोडायचं. हात भरून आला की आये घ्यायची. आये दमली की मी. मांजर पलंगाखालून बाहेर आली आणि धार पडली की मान वर, खाली, वर, खाली करत बसली.

काळा दुपारी गेला. बाकीचे सहा संध्याकाळी खाली उतरले आणि फिरायला लागले.

लाईट यायला दहा-बारा दिवस गेले. तितके दिवस आम्ही धार धरत होतो, दाणे मात्र दोन दिवसांआड. आये मधून म्हणायची, "सगळा जन्म मासे धरून इकले, आता त्यांना वारा घालते." मधेच एकदा घरी जाऊन आले. तीन पत्रे उडाले होते. म्हणजे जे पत्रे आता घरावर नव्हते, त्यांची उचल मी फेडत होते. मला थोडं हसूच आलं.

वहिनी आल्या. सगळ्यात आधी पेटीकडं गेल्या आणि मोजायला लागल्या. काय सांगायचं ते मी आधी दहादा घोकलं होतं, ते सगळं गेलं.

"काळा मेला. माझ्यामुळं. मी खायला जास्त घातलं," मी म्हटलं. "त्याचे पैसे उचलीत धरा. आणि मोरीत कोंबड्या होत्या."

वहिनी पेटीकडं बघत होत्या. "सहा कसे राहिले? इथल्या दुसऱ्या एकीचे सगळे गेले."

मला तांब्याचं सांगता येईना. मी करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "द्या इकडे, मी करते." काळ्याचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. मी मान खाली घालून उभी राहिले, तेव्हा म्हणाल्या, "बरं, धरते."

उचलीचे राहिलेले चार महिने गेले. शेवटच्या पगारातून वहिनींनी हजार कापले आणि वर काळ्याचे दीडशे. मग त्या मला घेऊन पेणला गेल्या आणि त्याच दीडशेत तसाच डोळे बाहेर आलेला एक मासा घेतला. येताना पिशवी माझ्या मांडीवर होती. सारा रस्ता मी ती हळू हळू हलवत होते. पुढच्या महिन्यात पगार हातात आला तो पुरा होता. मी दोनदा मोजला.