हँडब्रेक : ठीक

नानाचं निम्मं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं आणि निम्मं ट्रक उभा करून वाट बघण्यात. चालवण्याचे पैसे मिळायचे, वाट बघण्याचे नाही. गोदामाच्या फाटकाबाहेर चढावर गाड्यांची रांग लागायची. खिडकीत कागद दिला की आतला माणूस मान वर न करता म्हणायचा, "थांबा." किती वेळ, ते विचारायचं नाही. कधी दोन तासांत नंबर यायचा, कधी दिवस मावळायचा. मालकाकडे तक्रार केली तर तो म्हणायचा, "मी फेरीचे पैसे देतो, बसण्याचे नाही." अहो, पण नाना काय तिथे हौसेनं बसायचा? रांगेत बसून बसून त्याला समोरच्या भिंतीच्या विटा तोंडपाठ झाल्या होत्या. शर्टाची बटणं तिथेच लावायची, नखं तिथेच काढायची, आणि पुढची गाडी हलली की आपण एक गाडीभर पुढे सरकायचं.

गाडी म्हणाल तर म्हातारी. पाऊस नसताना वायपर चालायचा आणि पाऊस आला की रुसायचा. बॅटरी दमलेली, त्यामुळे एकदा इंजिन बंद केलं की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही. आणि हँडब्रेक! लिव्हर पार वरपर्यंत ओढा, करकर आवाज अगदी झोकात येणार, पण चढावर गाडी आपली हळूच मागे निघालेली.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी एक तक्ता भरायचा असायचा. टायर, दिवे, ब्रेक, हँडब्रेक, वायपर. प्रत्येकासमोर दोन चौकोन, 'ठीक' आणि 'नादुरुस्त'. खाली सही. नाना शाळेत फार टिकला नाही, पण अक्षर मोत्यासारखं. तीन वर्षांपूर्वी त्याने त्या अक्षरात लिहिलं, 'हँडब्रेक धरत नाही.' झालं, गाडी वर्कशॉपमध्ये गेली. केबल नाही म्हणून चार दिवस तशीच उभी राहिली, आणि चार दिवस नाना घरी बिनपगारी. पाचव्या दिवशी मेकॅनिकने जुनीच केबल ताणून बसवली. आठवडाभर बरं चाललं, मग ये रे माझ्या मागल्या. नानाने पुन्हा लिहिलं, पुन्हा गाडी उभी, पुन्हा नाना घरी. तेव्हा वर्कशॉपचा मुकादम हसून म्हणाला, "नाना, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. कविता लिहा ना. तक्रारी कशाला लिहिता?"

नानाने कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे 'ठीक'. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते ड्रायव्हरला विचारा.

पण चढावर गाडी धरायची कशी? त्यासाठी त्याने एक लाकडी ठोकळा तासून घेतला. एका बाजूने उतरता, चाकाखाली गच्च बसणारा. त्याला भोक पाडून लांब दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक दाराच्या कडीला अडकवलं, म्हणजे निघताना विसरायला नको. गाडी थांबली, हँडब्रेक ओढला, खाली उतरला, ठोकळा सरकवला. तीन वर्षं रोज हेच. इतकं अंगवळणी पडलं की हँडब्रेक बिघडलेला आहे हे नाना विसरूनच गेला. लंगडा माणूस काठी विसरत नाही, लंगडणं विसरतो, तसं झालं.

मग बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नानाने दोन दिवसांची रजा मागितली. मालक म्हणाला, "रजा घ्या. पण गाडी उभी ठेवणार नाही, दुसऱ्या कुणाला देईन." दुसऱ्याला दिली की ती परत मिळेल याचा भरवसा नाही. तेव्हा नानाचा साडू धावून आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्याच मालकाकडे बदली ड्रायव्हर. "नाना, तुम्ही वहिनींकडे बघा. तुमची गाडी मी सांभाळतो. दोन दिवसांनी होती तशी तुमच्या हातात देतो."

हा साडू म्हणजे काळजीचं पोतं. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, अर्ध्या रस्त्यातून परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. गाडी सपाट जमिनीवर उभी असली तरी हँडब्रेक लावणार म्हणजे लावणार. बाकीचे ड्रायव्हर त्याला चिडवायचे, "अरे, हा खाटेवर झोपतानासुद्धा हँडब्रेक लावून झोपतो!" तोही हसायचा आणि म्हणायचा, "हसा लेको. झोपेत पडलात तर मला हाक मारू नका."

आदल्या संध्याकाळी तो किल्ली न्यायला नानाच्या घरी आला. नाना दारात बसून ठोकळ्याला नवी दोरी बांधत होता. जुनी झिजून तुटायला आली होती, म्हणून त्याने ठोकळा घरी आणला होता. साडूने विचारलं, "गाडीत काही बघण्यासारखं आहे का?"

नाना म्हणाला, "बॅटरी दमलीये. फाटकावर नंबर आला की इंजिन बंद करू नकोस, पुन्हा सुरू होणार नाही. बाकी गाडी लोणी आहे."

हातात ठोकळा होता हो! हातात ठोकळा धरून तो म्हणाला, बाकी गाडी लोणी आहे. तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, औषधाची चिठ्ठी सापडत नव्हती. नाना ठोकळा पायरीवर ठेवून आत गेला आणि साडू किल्ली घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साडू गोदामाबाहेर सहा तास ब्रेकवरचा पाय न काढता रांगेत होता. नंबर आल्यावर त्याने गाडी रांगेतून काढून चढावर फाटकापाशी नेली, सांगितल्याप्रमाणे इंजिन चालूच ठेवलं आणि मागचं दार उघडायला उतरला. भरलेली गाडी मागे आली. मागे गोदामाची भिंत होती. लोकांनी आरडाओरडा केला, एकाने चढून गाडी पुढे घेतली, पण तोवर साडूचा जीव गेला होता.

गाडी पुढे घेताना त्या माणसाने लिव्हर खाली केली, हे उघड आहे. पण चौकशीचा साहेब आला तेव्हा त्याला लिव्हर खाली दिसली, आणि त्याने लिहिलं, 'चालक हँडब्रेक न लावता खाली उतरला.' मालकाला तेच हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दोन दिवसांत सगळीकडे झालं, निष्काळजीपणा नडला बिचाऱ्याला.

मेहुणीनेही तेच धरलं. ती रडायची कमी आणि भांडायची जास्त. दोन गल्ल्या सोडून तिचं घर होतं. नाना भेटायला गेला की ती नवऱ्याच्या फोटोकडे बोट करून म्हणायची, "बघा भाऊजी, जन्मभर कुलपं ओढत बसला हा माणूस. आणि नेमका त्याच दिवशी विसरला! माझी आठवण नाही झाली, निदान स्वतःच्या जिवाची तरी व्हायची." एक दिवस नाना गेला तर फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला. नाना तिथे पाणीसुद्धा न पिता परत आला.

घरी ठोकळा खाटेखाली होता. नव्या दोरीसकट. बायकोच्या एका डोळ्यावर अजून पट्टी होती. तिने केर काढताना तो ओढून बाहेर काढला, नानाकडे बघितलं आणि विचारलं, "हा गाडीत नव्हता?" नानाने मान हलवली. तिला एका डोळ्याने जे दिसायचं ते दिसलं. तिने केरसुणी खाली ठेवली. मग म्हणाली, "तिला सांगून या. मी नाही सांगणार."

नाना आधी चौकशीच्या साहेबाच्या ऑफिसात गेला. वाटलं, तिथलं लिहिलेलं बदलून घ्यावं आणि तो कागदच मेहुणीला दाखवावा. साहेबासमोर उभा राहून तो म्हणाला, "साहेब, हँडब्रेक धरतच नव्हता. तीन वर्षं धरत नव्हता. माझ्या साडूने तो लावलाच असणार."

साहेबाने कपाटातून एक गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. रोजचे तक्ते. एकेक उलटत त्याने दाखवले. हँडब्रेक ठीक. हँडब्रेक ठीक. नानाचा शेवटचा, रजेच्या आदल्या दिवसाचा. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग नाना, मी कोणावर विश्वास ठेवू? तुमच्यावर, की तुमच्या सहीवर?"

नाना म्हणाला, "साहेब, नादुरुस्त लिहिलं की गाडी उभी राहते. आम्ही सगळेच ठीक लिहितो." साहेब म्हणाला, "तसं लेखी द्या." नानाने तिथेच बसून, त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं. साहेबाने कागद घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाला, "बघू. थांबा."

तिथून तो घरी आला, ठोकळा पिशवीत घातला आणि मेहुणीकडे गेला. ती डाळ निवडत होती. नानाने ठोकळा तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तक्ता, दोरी, बॅटरी, बाकी गाडी लोणी. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "तो विसरला नाही गं. मी विसरलो."

तिने परात बाजूला सरकवली. शिव्या देईल, ठोकळा उचलून अंगावर फेकेल, असं नानाला वाटलं. फेकला असता तर बरं झालं असतं. पण तिने एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांनी लावला होता?"

"लावला होता."

"तुम्ही बघितलंत?"

"बघायला कशाला हवं? तो न लावता उतरेल का?"

"नाही," ती म्हणाली. "नाहीच उतरणार. मला कळायला नको होतं का?" मग तिने पदराने तोंड पुसलं. "भाऊजी, तुमचं काय करायचं ते मी नंतर बघीन. आत्ता तुम्ही बाहेर बसा."

नाना पायरीवर जाऊन बसला. आत फोटोचा खिळा वाजला. मग तिचा आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हळू, नवरा शेजारीच बसलाय अशा बेताचा.

"लावला होतात हो तुम्ही. लावला होतात. आणि मी रोज बोलले तुम्हाला, रोज. चुकलं माझं. ऐकताय ना?"

नानाला वाट बघायची सवय होती. तो दाराकडे पाठ करून बसून राहिला. आतून बोलणं बराच वेळ येत होतं, आणि त्याला कोणी हाक मारली नाही.