गुणाजी परबांचा दुधाचा दात

घोळ नितेशनेच घातला. मुलुंडच्या दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या या करमाळ्याच्या पोराने गुणाजी परबांचा एक्स-रे त्यांच्या सुनेच्या, अक्षताच्या फोनवर पाठवला. तिला हवा होता तिच्या दहा वर्षांच्या मुलीचा, निधीचा. दोन्ही परबच. नितेशने आडनाव बघितलं आणि बोट दाबून मोकळा झाला.

गुणाजी म्हणजे नाहूरचं स्वयंघोषित कोर्ट. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं एका बँकेच्या दारात स्टुलावर बसले आणि निवृत्त झाले ते मॅनेजर असल्यासारखे. वरचा एक दात खोटा. तो म्हणे गिरणीच्या कबड्डीत पडला. त्या गोष्टीतला समोरचा गडी दरवर्षी थोडा उंच व्हायचा. निधीचे वरच्या मधल्या दोन दातांशेजारचे दात काही येईनात, तेव्हा कोर्टाने निकाल दिला: अक्षताने पोटुशी असताना ग्रहणात भोपळा चिरला. आता मे महिन्यात गावी जाऊन तिने देवासमोर नारळ ठेवायचा आणि भावकीदेखत चूक कबूल करायची. तिकिटंही काढून झाली होती.

दुसऱ्या दिवशी अक्षता दवाखान्यात आली. मागोमाग गुणाजी, नितेशची नोकरी खायला.

"माझो फोटो हिका कोणी दाखवल्यान?"

"मीच काका. चुकलं."

डॉक्टर गार्गींनी दोन्ही एक्स-रे शेजारी लावले. "काका, तुमचे हे दात पडलेले दिसत नाहीत. निधीसारखे दोन्ही बाजूंचे बनलेच नसावेत. डावीकडे खोटा बसवलाय, उजवीकडे सुळा पुढे सरकलाय. त्याच्यामागे बघा, दुधाचा दात अजून तसाच आहे."

बहात्तर वर्षांच्या माणसाने ओठ मिटून घेतले.

"दात घडवायच्या सूचना जनुकांत असतात. त्यात बदल असला की काही दात बनतच नाहीत. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही. तुमच्या मुलाचे, राजेशचे, तेच दात तांदळाएवढे आहेत ना? एकाच घरात कुणाचे बारीक, कुणाचे नाहीतच. चाचणीशिवाय खात्री देत नाही, पण भोपळ्याचा संबंध नाही."

अक्षता सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुमची आई ग्रहणात काय चिरत होती?"

"आयेक मधी हाडू नको."

"नाही आणत. नारळ तेवढा तुम्ही ठेवा. तिकिटं आहेतच."

मेमध्ये गुणाजींचा गुडघा नेमका धरला. अक्षता आणि निधी गावी जाऊन आंबे खाऊन आल्या. भावकीला कुणी काही सांगितलं नाही. हल्ली गुणाजी दात साफ करायला आले की नितेश हळूच विचारतो, "काका, देवाचा नारळ?"

"ठेवतलंय," म्हणतात, आणि आ वासून पडून राहतात.