किल्ला काय पळून चालला का?

रिटायर झालेली मराठी माणसं, त्यांच्या बायका, भाड्याची एक मिनीबस आणि एक पडका किल्ला, एवढं भांडवल असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. झटकत बसणारा मात्र मी एकटाच!

किल्ला म्हणजे एक जुनी गढी. भिलाईजवळच्या कुम्हारीच्या पलीकडे, हायवे सोडून बरंच आत, टेकाडावर. भोवती बुजत आलेला खंदक, दगडी दरवाजा आणि सगळ्यात वर अर्धा उरलेला बुरुज. भिलाईच्या स्टील प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होतो तेव्हा वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं, की त्या बुरुजावरून नदीची दोन्ही वळणं एकदम दिसतात. मला तेवढंच पाहायचं होतं. आता डॉक्टर म्हणतात, होळी झाली की गुडघे बदला आणि चढणं विसरा. म्हणजे काय ते याच हिवाळ्यात. तिकडे प्रवासी बस जात नाही, म्हणून आमच्या रिटायर लोकांच्या मंडळाला मिनीबस काढायला पटवलं.

*

पहिल्या खेपेला वानखेडे म्हणाले, "रिकाम्या पोटी इतिहास पचत नाही!" वानखेडे प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले. त्यांना विस्तव दिसला की हुरूप येतो. त्यांनी टेकाडाच्या पायथ्याशीच दगडांची चूल मांडून गोवऱ्या पेटवल्या आणि रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा, घाट घातला.

रोडगे भाजायला किती वेळ लागतो हे वैदर्भीय माणसाला सांगायला नको. मी म्हटलं, "तोवर वर जाऊन येऊ."

"किल्ला काय पळून चालला का? रोडगे मात्र जळतीन!"

खाऊन झाल्यावर किल्ल्यासकट सगळेच आडवे. उठताना माझं लक्ष चुलीकडे गेलं. तिच्या एका दगडावर हंस कोरलेला होता.

"वानखेडे, हा दगड कुठला?"

"दरवाज्यापाशी पडून होता न! एक नंबर माल आहे हो. इतकी आंच लागली, पण तडा नाही गेला!"

*

दुसऱ्या खेपेला मी डबे घरूनच आणायला लावले. दरवाज्यापर्यंत पोहोचलोही. पण पुढे ढोबळे होते. ते सेफ्टीतून रिटायर झाले, सेफ्टी त्यांच्यातून झाली नाही. कमानीकडे पाहून ते मागे वळले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"हेल्मेट कुठं आहे तुमचं?"

"ढोबळे, इथे शतकानुशतकं दगड पडलेला नाही."

"म्हणजे आता पडायची वेळ झाली!"

पिशवीतून त्यांनी लाल-पांढरी फीत काढली आणि दरवाजा या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून टाकला. सहलीला कोणी चिवडा आणतं, कोणी पत्ते. हा गृहस्थ फीत आणतो!

*

तिसऱ्या खेपेला ढोबळ्यांना बरंच समजावून नेलं. तर फितीपाशी गावचा कोटवार, म्हणजे इकडचा राखणदार, लाठी घेऊन उभा.

"भीतर नइ जाना हे, साहब. भिलाई के बड़े साहब मन बंद कर दे हें."

"अरे, ते साहेब म्हणजे मीच!" ढोबळे हिंदीत ओरडले.

कोटवाराने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. बडे साहब असे नसतात, अशी.

मला वाटलं, ढोबळे चिडतील. कसचं काय! त्यांचा ऊर भरून आला. "पाहा! प्लांटमध्ये जन्मभर बोंबललो, कोणी ऐकलं नाही. याले म्हणतात डिसिप्लिन!" कोटवाराला चहाला पैसे देऊन ते परत बसमध्ये जाऊन बसले.

*

चौथ्या खेपेला सरपंचांना भेटून फीत सोडवली. आता अडथळा नाही! पण मंडळाचा बॅनर निघाला. आधी फोटो. बॅनर दरवाज्याएवढाच लांब. कोणाचे डोळे मिटले, कोणाच्या सौ. वॉट्सॲपवर होत्या, कोणाला दुसऱ्या बाजूने बरं दिसायचं होतं. शेवटी निघायची वेळ झाली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला.

रात्री ग्रुपवर फोटो आला. मी विचारलं, "यात किल्ला कुठे आहे?"

वानखेड्यांचं उत्तर आलं, "मागं आहे न, बॅनरच्या!"

*

पाचव्या खेपेला मी जाताना कोणाशीच बोललो नाही. कानटोपी, शाल आणि शेवटची सीट. सौ. पुढे बायकांत. "राहू द्या, रुसले आहेत," असं तिने सर्वांना सांगून टाकलं.

जेवणं होताच मी गुपचूप निघालो. दरवाजा ओलांडला. गुडघे कुरकुरत होते, मी ऐकत नव्हतो. बुरुजाच्या पायऱ्यांशी पोहोचलो आणि खाली पाहिलं, तर बस चाललेली!

ओरडलो, शाल हलवली. बस धूळ उडवत गेली. ढोबळ्यांची मोजणी प्लांटमधली. मुंडकी मोजायची, तोंडं पाहायची नाहीत. पण मग मुंडकी भरली कशी?

बऱ्याच वेळाने सौ.ला फोन लागला.

"अहो, तुमचा आवाज असा का येऊन राहिला? तुम्ही त मागं बसून आहात न!"

"मी वर आहे. गढीवर."

"मग हे शाल पांघरून कोण बसले आहेत? मी आतापर्यंत दोनदा शंकरपाळे दिले त्याइले!"

"काही बोलले?"

"एक शब्द नाही. गपचूप खाल्ले. मले वाटलं, राग उतरला तुमचा." मग पलीकडे बरीच हिंदी, बरीच छत्तीसगढी, वानखेड्यांचं हसणं. "गावातले बाबा आहेत हो. कुम्हारीले लेकीकडे जायचं आहे म्हणतात. थांबा, ढोबळे बस वळवून राहिले. आलोच आम्ही!"

"वळवू नका," मी पहिल्या पायरीवर पाय ठेवत म्हणालो. "आधी त्यांना लेकीच्या दारापर्यंत सोडा. चहा झाल्याशिवाय निघू नका."